पैशाचा भाव : बदल्यापासून प्रॉप डेस्कपर्यंत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर जमाखर्च शिकवला आणि शेअरबाजारात पाऊल ठेवलं नाही. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून सट्ट्याच्या पेढ्यांवर बोलणं काहींना खटकेल. पण मी बोलणार आहे ते खतावणीच्या बाजूने. फोर्टमधल्या पेढ्यांमध्ये मी आधी बॅक ऑफिस आणि पुढे जोखीम विभाग सांभाळला. सौदा एकही केला नाही. पडद्यावर भाव नाचत असताना मी शेजारच्या खोलीत व्याज मोजत बसायची.

प्रोप्रायटरी ट्रेडिंग, बाजाराच्या बोलीत प्रॉप, म्हणजे पेढीने गिऱ्हाइकासाठी नव्हे तर स्वतःच्या खात्यावर केलेले सौदे. दलाली नाही, नफा झाला तर पेढीचा, तोटा झाला तरी पेढीचाच. या पेढ्यांविषयी जे छापून येतं ते बहुतेक ट्रेडरच्या हुशारीविषयी असतं: गणितातली पदकं, डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटणाऱ्या ऑर्डरी, आयआयटीच्या आवारात देऊ केलेले पगार. माझं म्हणणं वेगळं आहे. या धंद्यात कोणता डाव चालेल आणि कोणता बसेल, हे बाजाराच्या अंदाजापेक्षा पैशाच्या भावावर जास्त ठरतं. पैसा किती टक्क्यांनी मिळाला, किती दिवसांसाठी मिळाला, आणि देणारा तो कोणत्या घटकेला परत मागू शकतो.

मुंबईला हे नवीन नाही. १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि त्याच साली मुंबईत दलालांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. व्याख्यान आणि सट्टा यांची दीडशे वर्षं आपल्याकडे बरोबरीने गेली, असं म्हणायला हरकत नाही. त्याच्याही दहा वर्षं आधी, १ जुलै १८६५ हा दिवस होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेल्या तेजीत बॅकबे रेक्लमेशनसारख्या शेअरांवर जे मुदतीचे सौदे झाले होते, ते त्या दिवशी चुकते करायचे होते. युद्ध संपलं होतं, कापूस उतरला होता, आणि देण्याघेण्याची साखळी एका जागी तुटली ती सगळीकडे तुटली. शेअर चांगला की वाईट हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. पैसे कोणाकडे आहेत, एवढंच विचारलं गेलं.

पुढे दलाल स्ट्रीटने या प्रश्नाला एक वार नेमून दिला: शनिवार. बदल्याची पद्धत आजच्या तरुणांना माहीत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. चौदा दिवसांचं वळण, म्हणजे सौद्यांचे हिशेब चुकते करायची मुदत, असायचं. तुम्ही शेअर घेतलात, पण वळणाच्या वेळी पैसे भरायचे नाहीत, सौदा पुढच्या वळणात ओढायचा आहे. मग कोणीतरी तुमच्या वतीने पैसे भरून तो माल उचलायचा. त्याच्या पैशाचं चौदा दिवसांचं व्याज म्हणजे बदला. ‘ए’ गटातल्या शेअरांचा बदला शनिवारी रिंगमध्ये ओरडून, बोली लावून ठरायचा, आणि तो टक्क्यांत नाही, शेअरमागे रुपयांत बोलला जायचा. तेजीवाले जास्त असले की सीधा बदला: घेणारा देणार. मंदीवाल्यांनी इतका माल विकून ठेवला की द्यायला शेअरच मिळेना, तर उंधा बदला: विकणारा उलट पैसे देणार. पैसे लावणारे मोठे सावकार होते तसे दलालामार्फत चार पैसे गुंतवणारे साधे लोकही होते. शेअर वर जातो की खाली, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना व्याज हवं होतं.

एक हिशेब मांडते. शेअर ४०० रुपयांचा आणि चौदा दिवसांचा बदला ४ रुपये. पंधरवड्याला एक टक्का, म्हणजे वर्षाला २६ टक्के झाले. आता तो शेअर पंधरवड्यात ४०४ वर गेला, तर तेजीवाल्याचा अंदाज बरोबर आला आणि पदरात काहीच पडलं नाही. ४०३ वर गेला, तर अंदाज बरोबर येऊन तोटा. ज्याला पैसा बारा टक्क्यांनी मिळत होता त्याला मात्र याच शेअरवर, याच भावाला नफा होता. दोघांची अक्कल सारखी, माहिती सारखी. फरक फक्त उसनवारीच्या दराचा.

बदल्याविषयी वाईट बरंच बोललं गेलं आणि त्यातलं पुष्कळ खरं आहे. त्याने सट्टा फुगला, मार्जिनाचा, म्हणजे सौद्यापोटी आधी ठेवायच्या अनामतीचा, पत्ता नसायचा, वळणाला दलाल बुडायचे. पण एक गुण त्याच्या पदरात टाकला पाहिजे. सोमवार ते शुक्रवार शेअरचा भाव ठरायचा आणि शनिवारी पैशाचा, तोही चारचौघांत. एखाद्या शेअरची तेजी किती उसन्या पैशावर उभी आहे हे शनिवारी दुपारी रिंगमधल्या पोऱ्यालाही समजत असे. आजच्या कोणत्याही पडद्यावर हे इतकं स्वच्छ दिसत नाही.

दलाल हर्षद मेहताची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून फक्त तिची व्याजाची बाजू सांगते. जानेवारी १९९२ मध्ये सेन्सेक्सने २,००० ओलांडले आणि एप्रिलमध्ये तो ४,४०० च्या वर होता. कारखाना आज नव्याने उभारायला जो खर्च येईल त्यावरून शेअरची किंमत धरावी, असं त्याचं तत्त्वज्ञान होतं. चित्रपट-मालिकांनी ते तत्त्वज्ञान, ती गाडी आणि तो बंगला उचलला. पण समोर मंदीवाल्यांची जी टोळी उभी होती तिला त्याने तत्त्वज्ञानाने हरवलं नाही. सरकारी रोख्यांच्या रेडी फॉरवर्ड व्यवहारांतून बँकांचा पैसा त्याच्या खात्यात येत होता. एका बँकेने दुसरीला रोखे काही दिवसांसाठी विकायचे आणि ठरल्या भावाने परत घ्यायचे, असा हा कागदावरचा व्यवहार. मधल्या दलालाच्या खात्यातून चेक जायचे, आणि कित्येकदा मागे रोखेच नसलेल्या बँक पावत्या फिरायच्या. शनिवारी रिंगमध्ये बाकीचे ज्या दराने पैसा उचलत होते, त्यापेक्षा हा पैसा कितीतरी स्वस्त होता, आणि वळण संपलं म्हणून परत मागायला कोणी येत नव्हतं. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली, बँकांनी पैसे मागितले, आणि तेजी संपली. चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने अडकलेल्या रकमेचा आकडा ४,००० कोटींच्या वर काढला. कंपन्यांचे कारखाने जिथल्या तिथेच होते. नव्याने उभारायचा खर्चही बदलला नव्हता.

सेबीने १९९३ च्या अखेरीस बदला बंद केला, दोन-तीन वर्षांत सुधारून पुन्हा आणला, आणि दलाल केतन पारेख याच्या प्रकरणानंतर २ जुलै २००१ पासून कायमचा मोडीत काढला. त्या प्रकरणातही मध्यभागी बँकच होती, अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक, आणि तिच्या मुंबईतल्या शाखेच्या पे ऑर्डरी. नोव्हेंबर २००१ मध्ये एकेका शेअरचे वायदे सुरू झाले आणि बदल्याचं काम त्यांच्याकडे आलं. पैशाचा भाव आता शेअरचा आजचा भाव आणि वायद्याचा भाव यांच्या फरकात जाऊन बसला.

समजा शेअर १,००० रुपयांना आहे आणि महिन्याचा वायदा १,००६ ला. पेढी शेअर घेते, वायदा विकते. महिनाअखेरीस दोन्ही भाव एक होतात आणि सहा रुपये हाती येतात, शेअर कुठेही जावो. वर्षाचे ७.२ टक्के झाले. पेढीने पैसा नऊ टक्क्यांनी आणला असेल तर महिन्याचं व्याज साडेसात रुपये, म्हणजे जोखीम नाही आणि नफाही नाही. त्यात शेअर प्रत्यक्ष घेताना आणि विकताना प्रत्येकी ०.१ टक्का एसटीटी (शेअरांच्या सौद्यावरचा कर), म्हणजे दोन रुपये तिथेच गेले. म्हणून कोणी शेअर महिन्याला विकत नाही. तो तसाच ठेवून वायदा पुढच्या महिन्यात ओढत राहतात, म्हणजे ते दोन रुपये चार-पाच महिन्यांवर पसरतात. ऑक्टोबर २००४ मध्ये हा कर आला तेव्हा सट्टा हाच धंदा असणाऱ्यांना तो आयकरातून वळता करून घेता येत असे. २००८ च्या अर्थसंकल्पाने ती सवलत काढली आणि एसटीटी हा साधा खर्च ठरवला. दोन एक्स्चेंजांमधल्या दोन-पाच पैशांच्या फरकावर दिवसभर खेळणाऱ्या जॉबरांची दुकानं त्या एका कलमाने बंद पाडली. वायद्याच्या या खेळातही दलालांच्या प्रॉप डेस्कना आर्बिट्राज फंडांनी मागे सारलं. फंड चालवणारे जास्त हुशार नव्हते. त्यांचा गुंतवणूकदार मुदत ठेवीइतक्या परताव्यावर खूश होता, कारण त्याला कर शेअरचा लागत होता.

आता पेढीच्या आत चला. एका ट्रेडरने वर्षाला दोन कोटी मिळवले, त्यासाठी त्याच्या सौद्यांना सरासरी दहा कोटींचं मार्जिन लागलं. दुसऱ्याने तीन कोटी मिळवले, पण चाळीस कोटी अडकवले. दिवाळीच्या पार्टीत टाळ्या दुसऱ्याला. पेढीला पैसा नऊ टक्क्यांनी पडत असेल तर पहिल्याच्या नावावर नव्वद लाख व्याज पडतं आणि एक कोटी दहा लाख उरतात. दुसऱ्याच्या नावावर तीन कोटी साठ लाख पडतात आणि पेढी साठ लाखांनी आत जाते. हे व्याज ट्रेडरच्या खात्यावर टाकायचं की पेढीच्या सामायिक खर्चात, यावर मी जितकी भांडणं ऐकली तितकी बाजाराच्या दिशेवरून ऐकली नाहीत. सामायिक खर्चात टाकलं की प्रत्येकजण भांडवल फुकट समजतो आणि सगळ्यात जास्त भांडवल खाणारा डाव सगळ्यात आकर्षक दिसू लागतो.

ही गोष्ट फक्त फोर्टमधल्या दोन खोल्यांच्या पेढीची नाही. स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेने एप्रिल २००८ मध्ये भागधारकांपुढे एक अहवाल ठेवला. २००७ मध्ये अमेरिकी गृहकर्जांच्या कागदांवर बँकेने सुमारे १,८७० कोटी डॉलर गमावले होते. अहवालातल्या कारणांमध्ये एक कारण असं की बँकेची पत उत्तम असल्याने तिला पैसा स्वस्त मिळे, आणि आतल्या डेस्कांनाही तो जवळपास त्याच दराने दिला जाई. कागद सहज विकता येणारा आहे की वर्षानुवर्षं अडकून राहणारा, याने त्या दरात पुरेसा फरक पडत नसे. मग डेस्कने करायचं काय? आतून स्वस्त पैसा घ्या, थोडं जास्त व्याज देणारा ट्रिपल ए कागद उचला, मधला फरक नफा म्हणून दाखवा, त्यावर बोनस घ्या. डोकं लावायची गरजच नव्हती. अमेरिकेत पुढे व्होल्कर नियम आला आणि ठेवीदारांच्या आधारावर चालणाऱ्या बँकांना असे प्रॉप डेस्क बंद करावे लागले. सट्टा वाईट म्हणून नव्हे, तर त्याचा पैसा त्याच्या खऱ्या भावाहून स्वस्त होता म्हणून ते योग्य झालं, असं माझं मत आहे.

दर झाला, आता मुदत. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड होता, पण त्याचा साचा सॉलोमन ब्रदर्सच्या प्रॉप डेस्कवरचा. जॉन मेरीवेदर तिथूनच आले होते. सोबतीला मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन, दोघांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल. डाव साधे होते. अमेरिकी सरकारचा अगदी नवा तीस वर्षांचा रोखा महाग असतो, थोडा जुना स्वस्त. जुना घ्या, नवा विका, फरक मिटेपर्यंत थांबा. फरक इतका बारीक की त्यावर पोट भरायला डोंगराएवढी उसनवारी लागते, आणि बँकांनी ती जवळजवळ कपात न करता दिली: शंभराच्या रोख्यावर शंभर. १९९७ च्या अखेरीस या मंडळींनी २७० कोटी डॉलर गुंतवणूकदारांना परत केले, कारण भांडवल जास्त झालं होतं आणि त्याने परताव्याची टक्केवारी खाली येत होती. उरलं सुमारे ४७० कोटी, त्यावर कर्ज १२,५०० कोटींच्या आसपास. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने देणी थकवली, जगभर लोक नव्या, सहज विकता येणाऱ्या रोख्यांकडे धावले, आणि मिटणारा फरक वाढत गेला. सप्टेंबरात न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्हच्या पुढाकाराने १४ संस्थांनी ३६० कोटी घालून फंड ताब्यात घेतला.

या कथेतून गणित खोटं ठरलं असा अर्थ काढणाऱ्यांची मला गंमत वाटते. त्या १४ संस्थांनी तेच सौदे सावकाश उलगडले आणि आपला पैसा थोड्या नफ्यासह बाहेर काढला. डाव तेच, मालक बदलले. नव्या मालकांकडे थांबायला वेळ होता, कारण त्यांना कोणी फोन करून मार्जिन मागत नव्हतं. परत केलेले ते २७० कोटी हाती असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मी ज्या ज्या जोखीम अधिकाऱ्याला विचारला, तो आधी हसला आणि मग गप्प झाला.

मुंबईतल्या प्रॉप पेढीला भांडवल असं मोठं कर्ज म्हणून फारसं मिळत नाही. ते मिळत आलं बँक गॅरंटीच्या वाटेने. रिझर्व्ह बँकेचा नियम वर्षानुवर्षं असा राहिला की दलालाला गॅरंटी देताना बँकेने निदान निम्मं तारण घ्यावं आणि त्यात निदान पंचवीस टक्के रोख असावी. म्हणजे ५० कोटींची मुदत ठेव ठेवायची, १०० कोटींची गॅरंटी घ्यायची, ती क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे रोखीसारखी धरली जायची. निर्देशांकाच्या वायद्याला बारा टक्के मार्जिन धरलं तर त्यावर आठशे कोटींच्या वरचा सौदा उभा राहायचा. ठेवीवर व्याज चालूच. खर्च तो गॅरंटीच्या कमिशनचा. गिऱ्हाइकांच्या पैशावर अशा गॅरंट्या काढायला सेबीने मे २०२३ पासून बंदी घातली. पेढीच्या स्वतःच्या पैशाला ती बंदी लागू केली नाही.

आणि तरीही सगळ्यात स्वस्त पैसा तो, जो रात्रभर लागतच नाही. सकाळी घेतलं, संध्याकाळी विकलं, व्याज शून्य. वेगवान पेढ्यांना साडेतीनला हात झटकून घरी जायचा एवढा सोस असतो त्याचं कारण हेच आहे. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी पेढीविरुद्ध जो अंतरिम आदेश काढला, तोही या बाजूने वाचण्यासारखा आहे. परदेशी गुंतवणूकदार म्हणून नोंदलेल्या संस्थेला इथे शेअरांत दिवसाच्या दिवसात घेऊन विकता येत नाही. ते काम त्या समूहाच्या भारतातल्या कंपनीने केलं, असं सेबी म्हणते. १७ जानेवारी २०२४ ला सकाळी बँक निफ्टी या निर्देशांकातले शेअर आणि वायदे मिळून ४,३७० कोटींची खरेदी झाली, त्याच वेळी ऑप्शनमध्ये सुमारे सातपट मोठी उलटी बाजू उभी राहिली, आणि नंतर शेअर विकले गेले. शेअर-वायद्यांत ६१ कोटींच्या आसपास तोटा, ऑप्शनमध्ये ७३४ कोटींच्या वर नफा. सेबीने सगळ्या प्रकरणात ४,८४३ कोटी रुपये जप्त करायचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारला, हा साधा निर्देशांकाचा आर्बिट्राज होता असं म्हटलं, आणि अपील केलं. त्याचा निवाडा करणारी मी कोण? पण ताळेबंदाच्या नजरेने पाहा: तोट्याची बाजू संध्याकाळपर्यंत मोकळी, म्हणून तिचं व्याज नाही.

या बाजारात समोर कोण होतं? सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये प्रॉप पेढ्यांचा नफा, खर्च वजा जाण्याआधी, ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांचा २८,००० कोटी, आणि त्यातला ९६-९७ टक्के संगणकी आज्ञावलींनी केलेल्या सौद्यांतून. लोक म्हणतात हा यंत्राचा विजय. मला दुसरंही दिसतं. बदला गेला. २०२०-२१ मध्ये पीक मार्जिनचे नियम आले आणि दलालाकडून दिवसापुरती मिळणारी दहा-वीसपट उधारीही गेली. लहान माणसाला उसना पैसा मिळण्याचा सगळ्यात सोपा रस्ता उरला, तो म्हणजे आठवड्याचा ऑप्शन. थोड्या प्रीमियममध्ये लाखोंच्या सौद्याची बाजू हाती येते. ती उधारीच आहे, फक्त तिचा दर कुठे लिहिलेला नसतो. तो रोज थोडा थोडा प्रीमियममधून झिजत जातो. शनिवारचा २६ टक्के बदला त्याच्यापुढे दानधर्म वाटावा.

शेवटी ट्रेडर आणि पेढी यांच्यातल्या कराराविषयी थोडं, कारण इथे पालक बसले आहेत. ऑनलाइन परीक्षा द्या, फी भरा, पास झालात तर लाखो डॉलरचं खातं देतो, अशा जाहिरातींतल्या संस्थांना मी प्रॉप पेढ्या समजत नाही. बऱ्याच जणींची कमाई फीचीच असते. खऱ्या लहान पेढीत ट्रेडर स्वतःची ठेव आणतो, पेढी तिच्या काही पट मर्यादा देते, नफ्यात वाटा ठरतो, आणि तोटा झाला की आधी ठेव जाते. पेढीच्या दृष्टीने ही ठेव म्हणजे बिनव्याजी भांडवल, शिवाय पहिला फटका खाणारं. अशी ठेव भरू का, असं विचारायला मुलं आणि त्यांचे वडील माझ्याकडे येतात. मी करार मागते आणि चार गोष्टी शोधते. वाटा काढण्याआधी भांडवलावरचं व्याज वजा होतं का आणि किती टक्क्यांनी? गॅरंटीचं कमिशन कोणाच्या नावावर पडतं? या महिन्याचा तोटा पुढच्या महिन्यात ओढला जातो का? आणि न विचारता सौदा कापायचा अधिकार पेढीला कोणत्या आकड्यापासून आहे? आजवर आलेल्या प्रत्येकाला नफ्यातला आपला वाटा तोंडपाठ होता. व्याजाचा दर एकालाही सांगता आला नाही, आणि दोन करारांत तर तो लिहिलेलाच नव्हता.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे असं मला सांगितलं होतं, त्यातला थोडा मी खाल्ला. विचारा.